भिंतीपासून सुटलेली चित्रे आणि भिंतीवर राहिलेली चित्रे : अजिंठ्यातील इटालियन दुरुस्ती व तिची परिभाषा

बुलढाणा शहर ज्या डोंगररांगेवर वसले आहे तीच रांग पश्चिमेकडे अजिंठ्याची रांग म्हणून सर्वांस परिचित आहे. वाशीम, म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, येथून अजिंठ्याच्या लेण्यांकडे नकाशावर सरळ रेषा ओढली तर ती मेहकर व चिखली यांच्या मुलखातून जाते. वत्सगुल्मच्या वाकाटक शाखेचा राजा हरिषेण याच्या कारकिर्दीत, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याचा सचिव वराहदेव याने सोळावे लेणे कोरविले हे त्या लेण्यातील शिलालेखावरून निश्चित आहे. तात्पर्य, अजिंठ्याची उत्तरकालीन चित्रे ही वऱ्हाडच्या राजसत्तेची निर्मिती होय. ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी ध्यानात घेतली जात नाही, याचे एक कारण राजकीय आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, अजिंठा मात्र निजामाच्या राज्यात राहिला, आणि एकाच डोंगराची दोन टोके दोन निरनिराळ्या दप्तरांत नोंदली गेली. पुढे १९२० साली लेण्यांच्या दुरुस्तीसाठी तज्ज्ञ आणावयाचे ठरले, तेव्हा तो निर्णय कलकत्ता किंवा नागपूर येथे न होता हैदराबाद येथे झाला, आणि तज्ज्ञ आले ते इटलीहून.

प्रस्तुत निबंधाचा विषय या घटनेशी निगडित असलेला एक प्रश्न आहे. इटली हा भिंतीवरील चित्रे भिंतीपासून सोडवून संग्रहालयांत मांडण्याच्या विद्येचा देश. तेथील अनेक संग्रहालयांत अशा उतरविलेल्या चित्रांची दालनेच्या दालने आहेत. असे असता त्या देशातील कारागीर दोन हिवाळे अजिंठ्यात राहिले आणि त्यांनी एकही चित्र भिंतीवरून उतरविले नाही. उलट सुटू पाहणारे चित्र भिंतीस पुन्हा चिकटविण्यातच आपला सर्व वेळ खर्च केला. हे असे का झाले? या प्रश्नाचे उत्तर अंशतः रसायनाचे आहे व अंशतः शब्दांचे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने चुनागच्चीच्या विषयात का पडावे, अशी शंका वाचकास येईल. तिचे उत्तर ओघात मिळेल.

प्रथम इटलीतील विद्येचा वृत्तांत पाहू. चित्र भिंतीसकट हलविण्याची कल्पना फार जुनी आहे. विट्रुव्हियसने आपल्या वास्तुग्रंथात नमूद केले आहे की स्पार्टा येथील विटांच्या भिंतीवरील चित्रे कापून, लाकडी चौकटीत बसवून, मुरेना व व्हॅरो या अधिकाऱ्यांच्या काळात रोम येथे नेण्यात आली. प्लिनीही हीच हकीकत देतो. यात भिंतीचा तुकडाच उचललेला आहे. चित्र व भिंत यांची फारकत झालेली नाही. या पद्धतीस इटालियन कारागीर 'आ मास्सेल्लो' म्हणतात. ती अतिशय खर्चाची, जडशीळ आणि लहान चित्रापुरतीच उपयोगी.

खरी फारकत अठराव्या शतकात झाली. फेर्राराचा आंतोनियो कोंत्री याने त्या शतकाच्या आरंभी नुसता रंगाचा पापुद्रा कापडावर ओढून घेण्याचे प्रयोग केले. पुढे इमोला येथील जाकोमो सुक्की, मिलान येथील स्तेफानो बारेत्सी यांनी हा धंदाच केला, आणि १८६६ साली बर्गामोचा सरदार जोव्हान्नी सेक्को सुआर्दो याने त्यावर पद्धतशीर पुस्तक प्रसिद्ध केले. तोपर्यंत प्रत्येक कारागीर आपली युक्ती गुप्त ठेवीत असे. आपल्याकडील जुन्या वैद्यांची आठवण व्हावी असाच तो प्रकार होता.

या विद्येच्या दोन शाखा आहेत व त्यांतील भेद पुढील विवेचनास अत्यावश्यक आहे. पहिली 'स्ताक्को', म्हणजे सोडविणे. हिच्यात चित्र ज्या वरच्या गिलाव्यावर काढले असेल त्या गिलाव्यासकट ते भिंतीपासून वेगळे करतात. दुसरी 'स्त्राप्पो', म्हणजे हिसडून ओढणे. हिच्यात गिलावा भिंतीवरच राहतो आणि फक्त रंगाचा पातळ थर निघून येतो. कृती अशी : चित्राच्या पृष्ठभागावर पातळ कापड जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने चिकटवावयाचे, त्यावर जाड कापडाचा दुसरा थर द्यावयाचा, आणि सरस वाळू द्यावयाचा. वाळताना सरस आकसतो आणि त्या आकसण्याच्या जोराने रंगाचा थर गिलाव्यापासून सुटू लागतो. मग खालच्या कडेपासून कापड हळूहळू वर ओढीत नेतात. चित्र कापडाला चिकटून, पाठमोरे, हाती येते. पाठीवरचा उरलासुरला चुना घासून काढतात, दुधातील केसीन आणि चुना यांच्या खळीने तेथे नवे कापड चिकटवितात, आणि अखेरीस पुढच्या बाजूचे कापड ऊन पाण्याने सरस विरघळवून काढून टाकतात. चित्र पुन्हा दर्शनी बाजूने दिसू लागते; आता ते भिंतीचे राहिलेले नसते, पडद्यासारखे गुंडाळून कोठेही नेता येते.

हे शक्य होते याचे कारण इटालियन भित्तिचित्राच्या घडणीत आहे. 'आफ्रेस्को' याचा अर्थ 'ताज्यावर', म्हणजे ओल्या गिलाव्यावर. चुन्याचा शेवटचा हात ओला असतानाच नुसत्या पाण्यात कालविलेला रंग त्यावर लावतात. चुना हवेतील कर्बद्विप्राणिद वायू शोषून पुन्हा चुनखडीसारखा दगड बनतो आणि रंगाचे कण त्या स्फटिकांत बंदिस्त होतात. येथे रंगास धरून ठेवण्यासाठी वेगळा डिंक किंवा सरस नसतो. चुनाच रंगाला धरतो. म्हणून असे चित्र पाण्याने विरघळत नाही, आणि म्हणूनच त्यावर सरस लावून, वाळवून, पुन्हा ऊन पाण्याने धुऊन काढता येतो. ओला गिलावा एका दिवसात वाळत असल्याने चित्रकार रोज जेवढे चित्र पुरे होईल तेवढाच गिलावा करी. या तुकड्यास 'जोर्नाता', एका दिवसाचे काम, असे नाव आहे. बारकाईने पाहिले असता भिंतीवर या दिवसांचे सांधे दिसतात आणि कोणत्या आकृतीस किती दिवस लागले हे मोजता येते.

या विद्येमुळे इटलीतील संग्रहालयांना एक वेगळीच संपत्ती लाभली. मोंझानजीकच्या पेलुक्का या हवेलीत बेर्नार्दिनो लुईनी याने सोळाव्या शतकाच्या आरंभी काढलेली चित्रे बारेत्सीने १८२१-२२ च्या सुमारास उतरविली. त्यांतील बरीचशी मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात आहेत, काही मात्र पॅरिस व लंडन येथे जाऊन पोहोचली. म्हणजे एका घराच्या खोल्यांतील चित्रमालिका तीन देशांत वाटली गेली. आंद्रेआ देल कास्ताञ्ञो याने पंधराव्या शतकाच्या मध्यास फ्लॉरेन्सजवळच्या लेञ्ञाया येथील कार्दुच्ची हवेलीत नऊ कीर्तिमंत स्त्रीपुरुषांच्या उभ्या आकृती काढल्या होत्या. एकोणिसाव्या शतकात त्याही भिंतीवरून सुटल्या आणि आज त्या उफ्फीत्सी संग्रहालयाच्या मालकीच्या आहेत. मूळ दालनात या आकृती पाहणाराच्या डोक्याच्या वरच्या पातळीवर, रंगविलेल्या कोनाड्यांतून बाहेर पाऊल टाकीत असल्याचा भास होई. तो भास खोलीची उंची आणि खिडकीचा उजेड यांवर अवलंबून होता. संग्रहालयात चित्र येते, उजेड येत नाही. हा दोष दुरुस्तीकाराच्या कौशल्याचा नाही. चित्र सुटे करण्याच्या कृतीतच तो अंतर्भूत आहे.

याच्या उलट, काही वेळा सुटे केल्यामुळेच चित्र वाचले. पादुआ येथील ओव्हेतारी प्रार्थनामंदिरात मांतेञ्ञाची चित्रे होती. ११ मार्च १९४४ रोजी बाँबवर्षावात ते मंदिर उद्ध्वस्त झाले आणि चित्रांचे सहस्रावधी तुकडे झाले. परंतु त्यांतील काही भाग ओल लागल्यामुळे एकोणिसाव्या शतकातच उतरवून ठेवण्यात आला होता; तोच तेवढा अखंड राहिला. त्याच वर्षी जुलैच्या २७ तारखेस पीसा येथील कांपोसांतो या दफनप्रांगणाच्या छपरास आग लागली, छपरावरील शिसे वितळून भिंतींवरून ओघळले आणि बुफ्फाल्माक्को, बेनोत्सो गोत्सोली आदींची चित्रे होरपळली. उरलेली वाचविण्यासाठी ती उतरविणे भाग पडले. उतरविताना एक अनपेक्षित लाभ झाला. रंगाच्या थराखाली, खालच्या खरबरीत गिलाव्यावर, चित्रकारांनी तांबड्या मातीने काढलेले कच्चे रेखाटन उघडे पडले. या रेखाटनास 'सिनोपिया' म्हणतात. काळ्या समुद्रावरील सिनोपे या बंदरातून ही तांबडी माती येई, त्यावरून हे नाव पडले. ही रेखाटनेही उतरवून १९७९ साली त्यांचे स्वतंत्र संग्रहालय पीसा येथे उघडण्यात आले. ४ नोव्हेंबर १९६६ च्या फ्लॉरेन्सच्या महापुरानंतर भिंतींत मुरलेले पाणी आणि क्षार यांनी चित्रे फुटू लागली, तेव्हा आणखी पुष्कळ चित्रे उतरली, आणि त्यांपैकी निवडक चित्रांचे प्रदर्शन १९६८ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात भरले.

पीसाच्या कथेस मात्र एक उत्तरार्ध आहे. युद्धोत्तर घाईत चित्रे ज्या खळीने आणि ज्या ॲस्बेस्टस-सिमेंटच्या फलकांवर बसविली होती ती खळ व ते फलक काही दशकांतच चित्रांच्या मुळावर आले. एका चित्राच्या पुढील कापडाचा जुना सरस इतका घट्ट झाला की तो काढावयास शेवटी सरस खाणाऱ्या जिवाणूंची योजना करावी लागली. 'मृत्यूचा विजय' हे तेथील सर्वांत विख्यात चित्र नव्या आधारावर बसवून २०१८ साली पुन्हा कांपोसांतोच्या भिंतीवर परत गेले. पाऊणशे वर्षांच्या प्रवासानंतर ते मूळ जागी आले हे खरे. पण भिंत आणि चित्र यांच्यामध्ये आता एक चौकट आहे.

आता या विद्येचे एक प्रसिद्ध अपयश पाहू, कारण अजिंठ्याची किल्ली त्यात आहे. १८२१ साली बारेत्सीने मिलान येथील लिओनार्दोच्या 'अखेरच्या भोजना'वर हात टाकला. मेजावरील पांढऱ्या वस्त्राच्या भागावर त्याने प्रयोग केला आणि रंग पूर्ण थराच्या रूपाने न येता तुकड्यातुकड्यांनी निघू लागला. तो थांबला, आणि निघालेले कण त्याने पुन्हा सरसाने चिकटवून ठेवले. कारण उघड आहे. लिओनार्दोला ओल्या चुन्याची घाई मानवणारी नव्हती. त्याने कोरड्या भिंतीवर, चिकट द्रव्यात कालविलेल्या रंगाने चित्र काढले होते. ते 'आफ्रेस्को' नव्हतेच. सर्वजण त्यास त्या नावाने ओळखीत म्हणून बारेत्सीही फसला. नावाने हात चुकविला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

अजिंठ्याची चित्रे याच दुसऱ्या जातीची आहेत. तेथील बेसॉल्टच्या छिन्नी मारलेल्या खडबडीत पृष्ठभागावर प्रथम लोहयुक्त मातीचा जाड लेप असे. त्यात रेती, वनस्पतींचे तंतू, भाताचे तूस मिसळलेले. त्यावर बारीक मातीचा दुसरा हात, त्यावर चुन्याचा अगदी पातळ थर, आणि तो वाळल्यावर सरस किंवा डिंकात कालविलेले रंग : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरी माती आणि दूरदेशाहून आलेला लाजवर्दी निळा. एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ लेखकांनी, ग्रिफिथ्सनेही, या चित्रांस इटालियन अर्थाने 'फ्रेस्को' ठरविले. १९३० च्या दशकात मद्रास संग्रहालयाचे रसायनज्ञ एस. परमशिवन यांनी प्रत्यक्ष पृथक्करण करून रंगाचा थर चुन्यात मुरलेला नसून त्यावर वेगळा बसलेला आहे हे दाखविले, आणि हा वाद बहुतांशी मिटला. वस्तुतः आपल्या ग्रंथांकडे लक्ष दिले असते तर तो इतका लांबलाही नसता. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात म्हशीचे कातडे शिजवून केलेल्या वज्रलेपाचे वर्णन आहे आणि भिंत तयार करण्यासाठी व रंग कालविण्यासाठी त्याचा उपयोग सांगितला आहे. हा ग्रंथ अजिंठ्याहून सहाशे वर्षांनी अर्वाचीन आहे हे मान्य. तथापि परंपरा कोणत्या दिशेची होती हे त्यावरून दिसते.

यावरून अनुमान सरळ निघते. रंग सरसाने धरलेला आणि तो काढावयाचाही सरसाने. एक सरस विरघळविण्यास वापरलेले ऊन पाणी दुसऱ्या सरसासही विरघळविणार. म्हणून 'स्त्राप्पो' अजिंठ्यात शक्यच नाही. हे ज्यास ठाऊक नव्हते त्याने काय केले, त्याचीही नोंद आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या फौजेतील जॉन स्मिथ याने दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव कोरले; तेथून लेण्यांचा आधुनिक इतिहास सुरू होतो, आणि तो सुरू होतो एका ओरखड्याने. १८२८ साली डॉ. जेम्स बर्ड तेथे गेले. सतराव्या लेण्यातील चक्राकार चित्रातून त्यांनी चार आकृती सोलून काढल्या. हाती आली ती धूळ. पुढील दशकांत लेण्यांवरील एखाद्या दुय्यम कामगाराने पाहुण्यास भेट म्हणून चित्रातील मुखवटा कापून द्यावा, असेही प्रकार घडल्याचे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लेखनात नमूद आहे. सोळाव्या लेण्यातील एक तुकडा बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. तो रंगाचा पापुद्रा नसून मातीच्या लेपासकट निघालेला तुकडा आहे हे येथे ध्यानात घ्यावे.

सोलून नेता येत नाही म्हटल्यावर उरली नक्कल. रॉयल एशियाटिक सोसायटीने जेम्स फर्ग्युसनच्या निबंधानंतर कंपनी सरकारकडे विनंती केली आणि १८४४ साली मेजर रॉबर्ट गिल याची नेमणूक झाली. गिलचे नाव मराठी वाचकास ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या काव्यामुळे, पारूच्या कथेसह, परिचित आहे. त्याने सुमारे वीस वर्षे खपून काढलेल्या तैलचित्रांपैकी बहुतेक सर्व १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाली. गिल १८७९ साली वारला आणि त्याचे दफन भुसावळ येथे झाले. त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेचा प्रमुख जॉन ग्रिफिथ्स याने १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांसह, ज्यांत पेस्तनजी बमनजी होते, नव्याने नकला केल्या. त्यांतील पुष्कळ १८८५ साली साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. भिंत पडेल या भीतीने नक्कल केली. नक्कल जळाली, भिंत राहिली. परंतु नकलाकारांनी भिंतीसही निर्धोक सोडले नाही. रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर व्हार्निशचे हात देण्यात आले, आणि ते पुढे पिवळे पडून त्यांवर वटवाघुळांची घाण व धूर बसला.

१९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्त, तसेच हैदराबादचे सय्यद अहमद व फज्लुद्दीन यांच्या साहाय्याने नव्या नकला केल्या. या बाईंविषयीची एक गोष्ट आपल्याकडील लेखनात क्वचितच आढळते. अजिंठ्यास येण्यापूर्वी, १८९९ साली, त्यांनी चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराच्या जुन्या हस्तग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले होते. ओल्या गिलाव्यावर कसे काढावे, कोरड्यावर कसे, सरस कसा शिजवावा, हे सर्व त्या ग्रंथात आहे. अजिंठा व इटली यांची खरी पहिली गाठ पडली ती अशी, एका भाषांतरकर्तीच्या हातून. चेन्नीनी आणि 'मानसोल्लास' हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून त्यांतील सरसाच्या पाककृती ताडून पाहण्याचे काम आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी अंगावर घेतल्यास ते व्यर्थ जाणार नाही.

हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्वखाते १९१४ साली स्थापन झाले व गुलाम याझदानी हे त्याचे पहिले संचालक. लेप सुटून चित्रे गळत होती हे त्यांनी पाहिले, आणि सर अकबर हैदरी यांच्या पाठबळाने प्राध्यापक लोरेंझो चेक्कोनी व त्यांचे साहाय्यक काउंट ओर्सिनी यांना पाचारण करण्यात आले. १९२०-२१ व १९२१-२२ असे दोन हिवाळे त्यांनी लेण्यांत काम केले. सुटलेल्या लेपाच्या मागील पोकळीत केसीन व चुना यांची खळ सुईने भरणे, फुटक्या कडांना बांध घालून त्या गळू न देणे, जुने व्हार्निश व काजळी उतरविणे, आणि अखेरीस रंग पक्का राहावा म्हणून लाखेचा पातळ हात देणे, असे त्या कामाचे स्वरूप होते. आपल्या देशातील प्रमुख विद्या त्यांनी येथे उपयोगात आणली नाही, हे आपण पाहिले. त्यांनी तसे का केले याविषयी तर्कच करावा लागतो. पण 'अखेरच्या भोजना'ची शंभर वर्षांपूर्वीची हकीकत रोममधील दुरुस्तीकारास अवगत असणार, आणि अजिंठ्याच्या भिंतीवर ओला बोळा लावताच त्यास दोन्ही चित्रांचे नाते कळले असणार, असे मानावयास हरकत नाही. शिवाय अजिंठ्याचे चित्र चौकटीचे चित्र नव्हे. ते भिंतीवरून खांबावर, खांबावरून छतावर, एका कथेतून दुसरीत अखंड वाहत जाते. त्यास कोठे कापावयाचे?

त्यांच्या कामाचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळावयास हवीत. सुटलेला लेप त्यांनी सावरला नसता तर आज पहिल्या व सतराव्या लेण्यांत आपण जे पाहतो त्यातील बरेचसे जमिनीवर माती होऊन पडले असते. दुसरीकडे, त्यांनी दिलेली लाख काळाबरोबर पिवळी व काळसर झाली, तिच्यावर धूळ धरली गेली, आणि चित्रांवर एक तपकिरी पडदा चढला. १९५३ पासून लेण्यांची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली, आणि तेव्हापासून सर्वेक्षणाच्या रसायनशाखेचा पुष्कळसा काळ ही लाख उतरविण्यातच गेला आहे. शब्दांच्या अभ्यासकास येथे एक योगायोग दिसतो. संस्कृत 'लाक्षा', प्राकृत 'लक्खा', मराठी 'लाख', फारसी 'लाक', तेथून मध्ययुगीन लॅटिन व इटालियन 'लाक्का' असा हा शब्द मालासह पश्चिमेस गेला, आणि १९२० साली इटालियन कारागिराच्या कुंचल्यावर बसून वस्तू व शब्द दोन्ही अजिंठ्यास परत आले.

गिलाव्यासकट चित्र सोडविण्याची, म्हणजे 'स्ताक्को'ची, शक्यता मातीच्या भिंतीवरही असते, हे मात्र मान्य केले पाहिजे. त्याचा पुरावा आपल्याच देशात आहे. सर ऑरेल स्टाइन यांनी मध्य आशियातील मीरान, बेझेक्लिक आदी ठिकाणच्या बौद्ध मंदिरांतील चित्रे मातीच्या लेपासकट कापून, पेट्यांत भरून, हिंदुस्थानात आणली. मीरान येथील कामात त्यांचा साहाय्यक नाईक रामसिंग याची दृष्टी गेली. या संग्रहाची ही किंमत क्वचितच कोणी सांगते. फ्रेड अँड्र्यूज यांनी दिल्लीस ती चित्रे नव्या आधारांवर बसविली आणि १९४८ साली त्यांची सूची प्रसिद्ध केली. आज ती राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. उतरवून जोडलेल्या भित्तिचित्रांचे दालन पाहण्यासाठी आपल्या विद्यार्थ्यांना इटलीस जाण्याची आवश्यकता नाही. तंजावर येथेही, बृहदीश्वराच्या प्रदक्षिणामार्गात, वरच्या नायककालीन चित्रांखाली चोळकालीन चित्रे १९३१ साली आढळल्यावर पुढे वरचा थर काही ठिकाणी उतरवून फायबरग्लासच्या फलकांवर बसविण्यात आला. (ज्या देवळाच्या भिंतीवर १८०३ सालचा प्रचंड मराठी शिलालेख आहे तेच हे देऊळ.) परंतु स्टाइन यांच्या बेझेक्लिकच्याच चित्रांची भावंडे जर्मन संशोधकांनी बर्लिन येथे नेली होती. त्यांतील मोठी चित्रे संग्रहालयाच्या भिंतीत पक्की बसविल्यामुळे दुसऱ्या महायुद्धात हलविता आली नाहीत आणि बाँबहल्ल्यांत नष्ट झाली. पादुआचे सुटे चित्र वाचले, बर्लिनचे गेले. सुटे करणे म्हणजे सुरक्षित करणे, हे समीकरण इतिहासास मान्य नाही.

आता भाषेचा मुद्दा. अजिंठ्याच्या भिंतींवर केवळ आकृती नाहीत, अक्षरेही आहेत. दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावरील प्राकृत लेखात कटहादी या दात्याने 'घरमुख' दिल्याचे कोरलेले आहे, आणि 'घर' हा शब्द आपण आजही तसाच बोलतो. ते कोरीव अक्षर दगडाचे आहे. परंतु दुसऱ्या लेण्यात आर्यशूराच्या जातकमालेतील श्लोक रंगाने लिहिलेले आहेत, जे ल्यूडर्स यांनी १९०२ साली ओळखले. दहाव्या, सोळाव्या, सतराव्या लेण्यांतही रंगीत लेख आहेत. याझदानींच्या ग्रंथाच्या खंडांना जोडलेल्या परिशिष्टांत त्यांचे वाचन दिले आहे. ही अक्षरे त्याच सरसावर, त्याच मातीवर उभी आहेत. लेप पोकळ झाला की मात्रा आधी गळते, मग अक्षर. चित्रातील हाताचे एक बोट गेले तर कलेचा इतिहासकार ते कल्पनेने भरून काढू शकतो. विभक्तीचा प्रत्यय गेला तर भाषेच्या अभ्यासकास तसे करण्याचा अधिकार नाही. चेक्कोनीच्या सुईतील खळीने किती अक्षरे राखली याची गणना कोणी केलेली नाही, पण करावयास हवी.

दुसरा मुद्दा परिभाषेचा. मराठीत आपण ओल्या चुन्यावरचे, कोरड्या मातीवरचे, तेलरंगाचे, सर्वच चित्र 'भित्तिचित्र' या एका शब्दात घालतो. मुंबईच्या होली नेम कॅथीड्रलमध्ये बर्गामोकडील मोस्केनी या इटालियन चित्रकाराने केलेले काम, चांदवडच्या रंगमहालातील चित्रे, मेणवलीच्या नाना फडणिसांच्या वाड्यातील चित्रे आणि अजिंठा यांना एकच नाव आहे. एक नाव असले की एकच उपाय सुचतो. बारेत्सीची चूक हीच होती. शिवाय दुरुस्तीसाठी आपण 'जीर्णोद्धार' हा शब्द वापरतो. आणि देवळाच्या जीर्णोद्धारात जुने पुसून त्यावर नवे, चकचकीत रंग चढविणे हे पुण्यकर्म समजले जाते. पुजाऱ्याच्या व भक्ताच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही, कारण तेथे मूर्ती पूज्य आहे, रंगाचा थर नव्हे. परंतु तोच शब्द अजिंठ्यास किंवा मेणवलीस लावला की ठेकेदारास तेच पुण्य करण्याची परवानगी मिळते. इटलीत चेझारे ब्रांदी यांनी आपल्या १९६३ च्या ग्रंथात नेमकी उलट भूमिका मांडली : गेलेला भाग भरावा तो जवळून पाहणारास नवा म्हणून ओळखू यावा असा. यासाठी त्यांच्या संस्थेने बारीक उभ्या रेघांनी रंग भरण्याची पद्धत काढली. लांबून रिकामी जागा डोळ्यास खुपत नाही, जवळ गेले की रेघा दिसतात.

मग शब्द कोणते वापरावेत? संस्कृतात नवे समास पाडणे सोपे आहे, आणि पारिभाषिक कोशांची प्रवृत्तीही तीच. परंतु भिंतीचे काम करणाऱ्यांच्या तोंडी तयार शब्द आहेत. 'गिलावा' हा मूळ फारसी, 'गिल' म्हणजे चिखल व 'आब' म्हणजे पाणी यांपासून झालेला. अजिंठ्याच्या मातीच्या लेपास तो चुन्याच्या लेपापेक्षाही अधिक शोभतो. खालच्या खरबरीत थरास 'लिंपण', वरच्या चुन्यास 'घोटाई' हे शब्द खेड्यापाड्यांत समजतात. रंग सुटून उभा राहतो त्यास 'पोपडा' म्हणतात, आणि त्याहून नेमका शब्द मला कोणत्याही युरोपीय भाषेत आढळला नाही. 'स्त्राप्पो'स 'सोलणी' म्हणावे, 'स्ताक्को'स 'उतरवणी'. 'आ मास्सेल्लो'साठी 'भिंतीसकट काढणे' एवढे पुरे. ज्या 'कुड्य' शब्दाने संस्कृत ग्रंथकार भिंत दर्शवितात तोच 'कूड' होऊन वऱ्हाडात नांदतो आहे. आणि 'भित्ति' हा तर 'भिद्' या फोडणे अर्थाच्या धातूपासून आलेला आहे, ही व्युत्पत्ती दुरुस्तीकारांनी मनावर घेतलेली दिसते.

राहिले चेक्कोनी व ओर्सिनी यांचे काम. ते सोलणीही नव्हे, उतरवणीही नव्हे, आणि जीर्णोद्धार तर मुळीच नव्हे. पोकळी भरणे, कड बांधणे, जे आहे ते जागच्या जागी धरून ठेवणे आणि नवे काही न काढणे, या कामासाठी मराठीत एक शब्द फार दिवसांपासून आहे. तो फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ विरलेल्या जागी ठिगळ शिवणे असा आहे, आणि मराठी गवंडी तो भिंतीसाठी सहज वापरतो. तो शब्द 'डागडुजी'. विद्यापीठीय लेखनात तो हलका वाटतो म्हणून वगळला जातो. प्रस्तुत लेखकाने तो यापुढे अजिंठ्याच्या १९२०-२२ मधील कामासाठी वापरण्याचे ठरविले आहे.